राखणीचा गडी आणि रमजानची रात्र

११ एप्रिल २०२२. सौदी अरेबियात त्या दिवशी दहावा रोजा होता, आपल्याकडे बारामती-इंदापुरात नववा. आयपीएलचे सामने त्या वर्षी मुंबईत आणि पुण्याजवळ गहुंज्यातच चालले होते, त्यामुळे तरावीह आटोपून घरी परतणाऱ्या पोरांच्या मोबाईलवर क्रिकेटच होते. त्याच रात्री रियाधमध्ये मुंबई सिटी हा आपला फुटबॉल संघ बगदादच्या एअर फोर्स क्लबशी खेळत होता. स्पर्धा आशियाई चॅम्पियन्स लीग. या स्पर्धेत तोवर एकाही भारतीय क्लबला एकही सामना जिंकता आलेला नव्हता.

एअर फोर्स क्लब म्हणजे लेचापेचा संघ नव्हे. इराकमध्ये त्याला अल कुवा अल जाविया म्हणतात. १९३१ची स्थापना. २०१६, २०१७ आणि २०१८ अशी सलग तीन वर्षे एएफसी कप त्यांनी नेला. त्यातल्या पहिल्या वेळी अंतिम सामन्यात त्यांनी हरवले ते बेंगळुरू एफसीला, आणि तो एकमेव गोल होता हमादी अहमदचा. रियाधमध्येही दुसऱ्या सत्रात पहिला गोल त्याच हमादी अहमदने केला. भारतीय संघ एका गोलने मागे. बघणाऱ्यांपैकी अनेकांनी इथेच फोन बंद केला असेल.

पण ७०व्या मिनिटाला पेनल्टी मिळाली आणि ब्राझीलच्या दिएगो मॉरिसिओने बरोबरी साधली. पाच मिनिटांनी कॉर्नर. चेंडू ठेवला तो मोरोक्कोच्या अहमद जाहूहने. त्याचा उजवा पाय म्हणजे तराजू. चेंडू जिथे टाकायचा तिथेच पडणार. गर्दीतून एक उंच उडी, कपाळाचा एक फटका, आणि चेंडू जाळ्यात. गोल करणारा आघाडीचा खेळाडू नव्हता. तो होता बचावपटू राहुल भेके. मुंबईत जन्मलेला, मराठी. मुंबई सिटी २, एअर फोर्स १.

दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत ही बातमी कुठे कोपऱ्यात होती, कुठे नव्हतीच.

भेकेचा जन्म ६ डिसेंबर १९९०चा. म्हणजे त्या रात्री त्याचे वय ३१. फुटबॉलमध्ये या वयात माणूस निवृत्तीचा हिशेब मांडायला लागतो. त्याची गोष्ट मात्र उशिराच पिकली.

बचावपटूचे काम काय, हे आपल्या तालुक्यांत फुटबॉलच्या भाषेत सांगण्यापेक्षा कबड्डीच्या भाषेत सांगितलेले बरे. चढाई करणाऱ्याचे नाव पंचक्रोशीत होते. कोपऱ्यातला गडी मात्र खाली वाकून, पायावर नजर ठेवून उभा असतो. त्याने दहा वेळा वाट पाहिली आणि अकराव्यांदा घोट्यात पक्की पकड घातली, तर टाळ्या तेवढ्यापुरत्या. एकदा हात सुटला तर मात्र सगळे गाव त्याचेच नाव घेते. फुटबॉलमधला बचावपटू हा असा कोपऱ्यातला गडी. किंवा शेतकऱ्याच्या भाषेत, रात्रपाळीच्या विजेवर उसाला दारं धरणारा माणूस. रान भिजले हे सकाळी सगळ्यांना दिसते. रात्री दोन वाजता फुटलेला पाट कोणी बुजवला, हे कोणी विचारत नाही.

भेके मुंबई एफसी या संघातून आय-लीग खेळला. २०१४ मध्ये कोलकात्याच्या ईस्ट बंगालने त्याला घेतले. त्या काळात भारतात दोन लीग चालायच्या. जुनी आय-लीग आणि नवी झगमगीत आयएसएल. एका लीगचा खेळाडू दुसऱ्या लीगमध्ये काही महिन्यांसाठी उसना जायचा. भेके तसा २०१५ मध्ये केरळ ब्लास्टर्सला गेला आणि २०१६ मध्ये एफसी पुणे सिटीला. म्हणजे एक हंगाम तो आपल्या जिल्ह्यातच खेळला, बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात. बारामतीपासून शंभर किलोमीटरच्या आसपास. इंदापूरकरांना थोडे लांब, पण सोलापूर महामार्ग धरला की पोचता येईल असे.

या गोष्टीची दुसरी बाजूही इथेच सांगायला हवी. मुंबई एफसी २०१७ मध्ये बंद पडला. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये संपला. पुण्यात त्याआधी पुणे एफसी होता, भारत एफसी होता, डीएसके शिवाजियन्स होता. एकामागून एक सगळ्यांनी गाशा गुंडाळला. एका जिल्ह्यात चार व्यावसायिक संघ यावेत आणि चारही जावेत, हे कोणत्याही खेळाच्या वाट्याला येऊ नये. भेके ज्या संघांतून घडला, त्यांतल्या दोघांचे आज मैदानावर नावही नाही. मुलाने फुटबॉल खेळतो म्हटल्यावर आई-वडील जो प्रश्न विचारतात, ‘यातून पोट भरेल का’, तो अडाणी प्रश्न नाही. त्याला हा सगळा इतिहास आहे.

२०१७ मध्ये तो बेंगळुरूला गेला आणि तिथे त्याचे दिवस फिरले. मार्च २०१८ मध्ये बेंगळुरूचा संघ आयएसएलच्या अंतिम सामन्यात घरच्याच मैदानावर चेन्नईकडून हरला. गंमत अशी, की चेन्नईचे तीनपैकी दोन गोल मैल्सन आल्वेस या बचावपटूने कॉर्नरवर डोक्याने केले होते. महिनाभरात सुपर कपचा अंतिम सामना आला. समोर भेकेचा जुना संघ ईस्ट बंगाल. पहिला गोल ईस्ट बंगालचा. बरोबरी साधणारा गोल भेकेचा. बेंगळुरूने तो सामना ४-१ असा जिंकला.

आणि मग १७ मार्च २०१९. चेन्नईकडून हरल्याला बरोबर एक वर्ष, तारीखही तीच. अंतिम सामना मुंबईत, अंधेरीच्या मैदानावर. भेकेच्या स्वतःच्या शहरात. समोर एफसी गोवा, आणि गोव्याच्या मधल्या फळीत अहमद जाहूह. पुढे रियाधमध्ये ज्याने भेकेला कॉर्नर टाकून दिला, तोच. नव्वद मिनिटे गोल नाही. अतिरिक्त वेळ सुरू झाला. त्याचा पहिला भाग संपता संपता जाहूहला दुसरे पिवळे कार्ड मिळाले आणि तो मैदानाबाहेर गेला. दहा जणांचा गोवा कसाबसा तग धरून होता. पेनल्टी शूटआउटला तीन-चार मिनिटे उरली असताना बेंगळुरूला कॉर्नर मिळाला. भेकेच्या डोक्याला लागून चेंडू आत गेला. १-०. बेंगळुरूचे पहिले आयएसएल विजेतेपद.

एकाच्या आयुष्यातली सर्वांत गोड रात्र ती दुसऱ्यासाठी सर्वांत कडू. दोन-तीन वर्षांत तेच दोघे एका संघात येतात आणि एकाचा चेंडू दुसऱ्याच्या कपाळावर येऊन बसतो. व्यावसायिक फुटबॉलमध्ये हे चालायचेच. तरी ते बघताना बरे वाटते.

त्या गोलनंतर अडीच महिन्यांनी भेकेला भारताची जर्सी मिळाली. वय २८. तारीख होती ५ जून २०१९, ठिकाण थायलंड, समोर कुरासाओ हा कॅरिबियन समुद्रातला इवलासा देश. भारतात त्या दिवशी रमजान ईद होती. आपल्या गल्ल्यांतून शिरखुर्म्याच्या वाट्या इकडून तिकडे जात होत्या, तेव्हा तिकडे हा मराठी बचावपटू पहिल्यांदा राष्ट्रगीताला उभा राहिला. त्याच सामन्यात आणखी दोघांनी पदार्पण केले. गोव्याचा ब्रँडन फर्नांडिस आणि केरळचा सहल अब्दुल समद. भेके, फर्नांडिस, समद. ईदच्या दिवशी तीन नवी नावे आणि तिन्ही वेगवेगळ्या अंगणांतली. सामना मात्र भारत १-३ असा हरला. ईदी काही मिळाली नाही.

रमजान आणि भेके यांची गाठ पुढे आणखी एकदा पडली. १९ मार्च २०२५, अठरावा रोजा. शिलाँगमध्ये भारत विरुद्ध मालदीव. नोव्हेंबर २०२३ मध्ये कुवेतला हरवल्यानंतर भारतीय संघाने एकही सामना जिंकलेला नव्हता. सोळा महिने कोरडे गेले होते. निवृत्तीतून परत आलेला सुनील छेत्री संघात होता, त्यामुळे सगळे कॅमेरे त्याच्यावर. ३५व्या मिनिटाला कॉर्नर आला. टाकणारा ब्रँडन फर्नांडिस, ईदच्या दिवशी सोबत पदार्पण केलेला. डोके भेकेचे. वयाच्या चौतिसाव्या वर्षी देशासाठी दुसरा गोल. नंतर लिस्टन कुलासो आणि छेत्री यांनी एकेक गोल केला आणि भारत ३-० जिंकला. मथळे छेत्रीचे झाले. ते साहजिकच होते.

या तारखा जुळल्या हा निव्वळ योगायोग. चंद्राचे वर्ष दरसाल दहा-अकरा दिवस मागे सरकते, खेळाचा हंगाम आपल्या जागी असतो, आणि कधीतरी दोघांची भेट होते. पण रमजानच्या पानावर फुटबॉलचे नाव निघण्याचे कारण केवळ योगायोग नाही. रोजा ठेवून नव्वद मिनिटे धावणारे खेळाडू जगभर आहेत, आणि त्यांच्यामुळे मोठमोठ्या लीगना आपले घड्याळ पुन्हा बघावे लागले आहे.

२६ एप्रिल २०२१ची इंग्लंडमधली गोष्ट त्यासाठी सांगायला हवी. लेस्टर सिटी विरुद्ध क्रिस्टल पॅलेस. लेस्टरचा तरुण फ्रेंच बचावपटू वेस्ली फोफाना रोज्यात खेळत होता. सामना चालू असतानाच मगरिबची वेळ होणार होती. दोन्ही संघांनी आधीच बोलून ठेवले होते. अर्ध्या तासानंतर चेंडू पॅलेसच्या गोलरक्षकाकडे आला, तेव्हा विसेंते ग्वाइताने गोल-किक मारायची घाई केली नाही. तो थांबला. तेवढ्यात फोफाना मैदानाच्या कडेला गेला, रोजा सोडला आणि परत जागेवर येऊन उभा राहिला. सगळे मिळून मिनिटभराचे काम. फोफानाने नंतर ग्वाइताचे जाहीर आभार मानले. विरोधी संघाचा गोलरक्षक होता तो, हे विशेष. २०२३ पासून इंग्लंडच्या पंचांना अशा थांब्याची रीतसर सूचना आहे. फ्रान्समध्ये मात्र त्याच वर्षी तिथल्या महासंघाने नेमके उलटे सांगितले, की रोजा सोडण्यासाठी सामना थांबवायचा नाही. तेव्हा सगळीकडे सारखेच वारे आहे असे समजायचे कारण नाही.

मोरोक्कोचा उल्लेख आलाच आहे तर थोडे त्या देशाबद्दल. कारण बचावपटूंचा देश म्हणून अलीकडे नाव झाले ते त्याचेच. २०२२च्या कतार विश्वचषकात मोरोक्को उपांत्य फेरीत पोचला. असे करणारा तो पहिला आफ्रिकी आणि पहिला अरब देश. तिथपर्यंतच्या पाच सामन्यांत त्यांच्यावर फक्त एक गोल झाला, आणि तोही त्यांच्याच नायेफ अगर्दच्या पायाला लागून कॅनडाविरुद्ध झालेला स्वयंगोल. बेल्जियम, स्पेन, पोर्तुगाल यांच्यापैकी कोणालाही ती भिंत ओलांडता आली नाही. उजव्या बाजूला अशरफ हकीमी होता. जन्म माद्रिदचा, १९९८चा. आई लोकांच्या घरी साफसफाई करायची, वडील रस्त्यावर माल विकायचे. बेल्जियमला हरवल्यावर तो प्रेक्षकांत बसलेल्या आईकडे धावत गेला, तो फोटो अनेकांनी तेव्हा पाहिला असेल. २०२५ मध्ये पॅरिसच्या संघातून त्याने युरोपचे सर्वांत मोठे अजिंक्यपद जिंकले. अंतिम सामन्यातला पहिला गोल त्याचाच. त्याच वर्षी आफ्रिकेचा सर्वोत्तम खेळाडू हा मानही त्याला मिळाला, जो बचावपटूच्या वाट्याला क्वचितच येतो.

पण हकीमी मोरोक्कोने घडवलेला नाही, तो स्पेनने घडवला. त्या विश्वचषकातल्या २६ खेळाडूंपैकी १४ जण परदेशात जन्मलेले होते. आपल्या कामाचे उदाहरण दुसरे आहे, ते अगर्दचे. तो मोरोक्कोतच जन्मला आणि रबातजवळच्या सले इथल्या मोहम्मद सहावा अकादमीत शिकला. ही अकादमी सरकारी पाठबळाने पंधरा-सोळा वर्षांपूर्वी सुरू झाली. राहणे, शाळा आणि फुटबॉल एकाच आवारात. ऑक्टोबर २०२५ मध्ये मोरोक्कोने अर्जेंटिनाला २-० असे हरवून २० वर्षांखालचा विश्वचषक जिंकला. पंधरा वर्षांत झाड लावून फळ खाल्ले, म्हणायचे.

आपल्याकडे पुन्हा येऊ. रियाधच्या त्या स्पर्धेत मुंबई सिटी पुढे इराकी संघाला आणखी एकदा हरवून गटात दुसरा आला. यजमान अल शबाबने मात्र त्यांना ३-० आणि ६-० असे धुतले, हेही खरे. पुढच्या हंगामात मुंबईने आयएसएलची साखळी जिंकली. नंतर भेके कर्णधार झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये पुन्हा आशियाई चॅम्पियन्स लीग आली आणि मुंबई सिटीने पहिला घरचा सामना खेळला तो बालेवाडीत. इराणच्या नसाजीकडून ०-२. पुढे सौदीचा अल हिलाल, ज्याच्या गोलपोस्टमध्ये मोरोक्कोचा विश्वचषक गाजवलेला यासिन बोनो असतो, त्यांच्याकडून रियाधमध्ये ०-६. त्या वेळी गटातले सहाच्या सहा सामने मुंबई हरली. एका रात्रीचा विजय आणि आशियातल्या मोठ्या संघांशी असलेले अंतर, दोन्ही गोष्टी एकाच खेळाडूने पाहिल्या.

तरी ४ मे २०२४ला कोलकात्याच्या सॉल्ट लेकमध्ये, साठ हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर, मोहन बागानला त्यांच्याच घरात ३-१ असे हरवून आयएसएलचा चषक उंचावला तो कर्णधार भेकेनेच. मग तो पुन्हा बेंगळुरूला परतला. एप्रिल २०२५च्या अंतिम सामन्यात त्याच मोहन बागानने बेंगळुरूला हरवून उट्टे काढले.

त्यानंतर आली ती मैदानाबाहेरची झळ. लीग चालवण्याचा भारतीय महासंघाचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार होता आणि पुढे काय, हे ठरत नव्हते. हंगाम वेळेवर सुरू झाला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये बेंगळुरू एफसीने खेळाडू आणि कर्मचाऱ्यांचे पगार बेमुदत थांबवत असल्याचे जाहीर केले. देशासाठी खेळणारे, विजेतेपदे मिळवलेले खेळाडू, आणि पगार बंद. आयएसएलच्या खेळाडूंची ही गत, तर तालुक्याच्या पोराने कोणाच्या भरवशावर बूट घ्यायचे?

म्हणून जे खेळू पाहतात त्यांना वाट नीट माहीत असलेली बरी. शालेय स्पर्धा तालुक्यापासून सुरू होतात, मग जिल्हा, विभाग, राज्य. सुब्रतो कपची पायरी शाळांमधूनच जाते. राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत फुटबॉलही आहे. कोल्हापूरचा अनिकेत जाधव तिथूनच पुढे गेला आणि २०१७ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालच्या विश्वचषकात खेळला. कोल्हापूरची गोष्टच वेगळी. तिथे कुस्तीच्या तालमीच फुटबॉलचे संघ चालवतात आणि पोरे पेठेच्या नावासाठी जीव टाकतात. बारामतीत २०२०ला रणजी सामना झाला, क्रिकेटचे मैदान उत्तम आहे, कबड्डी आणि कुस्ती तर घरचीच. फुटबॉलला अजून तशी पेठ मिळालेली नाही. पदके जपून ठेवावीत, कारण राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत, आणि प्रमाणपत्राशिवाय त्या मिळत नाहीत. शिक्षण सोडू नये, हे तर कोणीही सांगेल.

रमजानात सराव करणाऱ्या मुलांबद्दल प्रशिक्षकांनी थोडे लक्षात ठेवावे. सगळेच रोजे ठेवतात असे नाही. आजारी आणि प्रवासात असलेल्याला रोजा पुढे ढकलून नंतर भरून काढायची मुभा आहे, आणि खेळाडू त्या मुभेचा उपयोग करतातही. ज्याचा त्याचा निर्णय असतो. मुलगा रोज्याने आला असेल तर त्याला दुपारच्या उन्हात पळवू नये. कष्टाचा सराव इफ्तारनंतर तासा-दीड तासाने घेता येतो. आधी घ्यायचाच असेल तर चेंडूवरचा हलका सराव इफ्तारच्या तोंडावर घ्यावा, म्हणजे संपताच पाणी मिळते. सहरीला पोटभर पाणी आणि भाकरी, नुसता चहा नको. चक्कर आली, तोंड कोरडे पडून बोलणे अडखळले, तर सराव थांबवून सावलीत बसवावे आणि पाणी द्यावे. जीव सांभाळणे धर्मातही आधी येते. अलीकडे रमजान हिवाळा संपता संपता येऊ लागला आहे, दिवस लहान आहेत. आणखी काही वर्षांत तो ऐन थंडीत, शालेय स्पर्धांच्या हंगामात येईल. तेव्हा सामन्यांच्या वेळा ठरवणाऱ्यांनी दिनदर्शिका आधीच उघडून बघितलेली बरी.